आर्यवैद्यकातील जलपानविधी

मठात येणाऱ्या भाविकाचा पाण्याशी संबंध दिवसातून किती वेळा येतो, याची गणना सहसा कोणी करीत नाही. प्रातःस्नान, आचमन, अर्घ्यदान, देवाचा अभिषेक, भोजनारंभीचे आपोशन, पूजेनंतर तळहातावर घेतलेले तीर्थ, या प्रत्येक प्रसंगी पाणी किती घ्यावे, कोणत्या पात्रातून घ्यावे आणि कोणत्या वेळी घ्यावे हे ठरलेले असते. पळीचे काम घागरीने होत नाही. तहान भागविण्यासाठी जे पाणी प्यावयाचे, त्यालाही असाच विधी आपल्या प्राचीन वैद्यकाने घालून दिलेला आहे. मात्र त्याची जाणीव मंदावली आहे. उलट, उठल्याबरोबर पोटभर पाणी प्यावे आणि दिवसभर जितके अधिक प्यावे तितके आरोग्य अधिक, असा उपदेश आयुर्वेदाच्या नावावर सर्रास केला जातो. हा उपदेश ग्रंथांत आहे काय, असल्यास कोणत्या काळच्या ग्रंथात आणि कोणत्या मर्यादेने आहे, हे पाहू गेल्यास एक निराळेच चित्र दिसू लागते. प्राचीनांनी 'किती' या प्रश्नापूर्वी 'कोणते', 'केव्हा' आणि 'कोणी' हे तीन प्रश्न विचारले होते.

जलपरीक्षा

आयुर्वेदाची बृहत्त्रयी म्हणजे चरकसंहिता, सुश्रुतसंहिता आणि वाग्भटाचे ग्रंथ. चरकाच्या सूत्रस्थानातील २७ वा, सुश्रुताच्या सूत्रस्थानातील ४५ वा आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ५ वा अध्याय यांत पाण्याचा विचार सविस्तर आला आहे. सुश्रुत आणि वाग्भट हे तर सर्व द्रवद्रव्यांच्या वर्णनाचा प्रारंभच पाण्यापासून करतात. दूध, दही, तूप, तेल, मध यांची पाळी त्यानंतर येते.

या ग्रंथकारांनी पाण्याचे दोन मुख्य वर्ग कल्पिले आहेत : आकाशातून पडणारे ते आंतरिक्ष आणि भूमीवरचे ते भौम. आंतरिक्ष जल सर्वांत श्रेष्ठ. परंतु तेही परीक्षेवाचून घ्यावयाचे नाही. सुश्रुताने सांगितलेली कसोटी मोठी मनोरंजक आहे. साळीच्या शिजविलेल्या भाताचा मुटका चांदीच्या पात्रात घालून पाऊस पडत असताना बाहेर ठेवावा. एक मुहूर्तपर्यंत, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे, तो जसाच्या तसा राहिला तर ते पाणी 'गांग' समजावे; रंग पालटून तो बुळबुळीत झाला तर 'सामुद्र' समजावे व ते पिऊ नये. योग्य पाणी धरण्यासाठी स्वच्छ पांढरे वस्त्र पसरावे आणि त्यातून गळणारी धार सोन्याच्या, रुप्याच्या किंवा मातीच्या पात्रात साठवावी, असेही तो सांगतो.

भौम जलाचे प्रकार त्याने आश्रयस्थानानुसार केले आहेत : विहिरीचे, नदीचे, सरोवराचे, तलावाचे, डोंगरातून पाझरणाऱ्या झऱ्याचे, जमीन भेदून वर उसळणाऱ्या उमाळ्याचे आणि न बांधलेल्या कुंडाचे. प्रत्येक ऋतूत यांतील कोणते घ्यावे हे ठरविलेले आहे. पावसाळ्यात पावसाचे अथवा उमाळ्याचे, शरदात कोणतेही, हेमंतात सरोवराचे किंवा तलावाचे, वसंत व ग्रीष्म या ऋतूंत विहिरीचे किंवा झऱ्याचे. पाणी भरावयाचे तेही पहाटे. कारण त्या वेळी ते अधिक निर्मळ व शीतल असते. कोकणात व गोमंतकात पहाटे विहिरीवर रहाटाचा आवाज सुरू होई, त्यामागे सोय होती तशीच ही शास्त्रसंमतीही होती.

शरद ऋतूतील पाण्याला चरकाने 'हंसोदक' असे सुंदर नाव दिले आहे. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवलेले आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्विष झालेले असे हे जल. वर्णन काव्यमय असले तरी त्यातील निरीक्षण व्यवहाराचे आहे. पावसाळ्यातील गढूळपणा खाली बसून नद्या-तलाव स्वच्छ होतात तो हाच काळ.

नदीचे पावित्र्य आणि नदीचे पाणी

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या समाजाने नद्यांना माता म्हटले, त्याच समाजातील वैद्यांनी नद्यांच्या पाण्याचे गुणदोष कोणतीही भीड न ठेवता नोंदविले. सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्यांच्या पाण्याने कुष्ठ होते, असे सुश्रुत म्हणतो. चरकही विंध्य व सह्य पर्वतांतील नद्यांना दोष देतो. गोदावरी, कृष्णा, मलप्रभा, मांडवी या सर्व सह्याद्रीच्याच कन्या होत. त्यांच्या काठी वाढलेल्या लोकांना हा अभिप्राय रुचणार नाही, आणि कुष्ठाचे ते कारण आजचे वैद्यक मानीतही नाही. परंतु पावित्र्य आणि पेयता या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या ग्रंथकारांनी किती स्पष्टपणे ओळखले होते ते यावरून दिसते.

हिमालयातील नद्यांविषयी तर चरक आणि सुश्रुत यांच्यात सरळ मतभेद आहे. चरक त्यांचे पाणी पथ्यकर मानतो; सुश्रुत त्यापासून हृद्रोग व सूज संभवते असे म्हणतो. वाग्भटाने हा वाद ज्या रीतीने मिटविला ती पाहण्यासारखी आहे. खडकांवर आपटत, फुटत, वेगाने वाहणारे पाणी पथ्यकर. तीच नदी जेथे स्थिर होऊन साचते तेथे तेच पाणी कृमी, श्लीपद व कंठरोग उत्पन्न करते. म्हणजे नदीचे नाव किंवा कुळ नव्हे, तर तिची त्या स्थळीची अवस्था पाहावयाची. सुमारे सातव्या शतकातील हा निर्णय आजही जसाच्या तसा उपयोगी पडेल.

बिघडलेले पाणी ओळखण्यासाठी स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष सुश्रुताने सांगितले. शुद्धीसाठी पाणी उकळावे, उन्हात तापवावे, किंवा तापवून लाल केलेले लोखंडाचे गोळे, वाळू अथवा मातीची ढेकळे त्यात विझवावीत. गढूळपणा घालविण्याची सात साधने त्याने मोजली आहेत; त्यांत कतकाचे बी, कमळाचे मूळ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती इत्यादी येतात. हे कतक म्हणजेच आपली निवळी. घागरीच्या आतील बाजूस निवळीचे बी उगाळले असता गाळ तळाशी बसतो, हे जुन्या घरांतून सर्वांस ठाऊक असे. पाणी थंड करण्याच्या सात युक्तींत वाऱ्यावर ठेवणे, पंख्याने वारा घालणे, वाळूत पुरणे आणि शिंक्याला टांगणे यांचा समावेश आहे. ओसरीच्या कोपऱ्यातील तिवई, तीवरील माठ आणि तोंडाला बांधलेले फडके या साध्या व्यवस्थेची वंशावळ इतकी जुनी आहे.

पात्राविषयीचे मत मात्र काळानुसार पालटलेले दिसते. पिण्याचे पाणी मातीच्या पात्रातून द्यावे, असे सुश्रुत सांगतो. सोळाव्या शतकातील भावमिश्र आपल्या भावप्रकाश ग्रंथात तांब्याचे पात्र प्रथम मानतो आणि ते नसल्यास मातीचे. २०१२ साली बंगळूर येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अतिसारास कारण होणारे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यातील ते जंतू नष्ट झाल्याचे आढळून आले.

मात्रा आणि काल

आता 'किती' या प्रश्नाकडे वळता येईल. वाग्भटाचे म्हणणे आजच्या समजुतीच्या नेमके उलट आहे. ज्यांचा अग्नी मंद आहे, ज्यांस पांडुरोग, उदर, अतिसार, मूळव्याध, ग्रहणी अथवा सूज आहे, त्यांनी पाणी अगदी बेताने प्यावे. आणि शरद व ग्रीष्म हे दोन ऋतू वगळल्यास निरोगी माणसानेही ते थोडेथोडेच प्यावे. मात्र याचा अर्थ तहान मारावी असा नव्हे. मलमूत्रादी वेगांप्रमाणे तहानेचा वेगही रोखू नये, असे चरकाने बजावले आहे. तो रोखल्यास घसा व तोंड कोरडे पडणे, थकवा, हृदयात पीडा, इतकेच नव्हे तर बहिरेपणाही येतो, असे तो म्हणतो. तहान ही शरीराची हाक आहे. ती ऐकावी, पण तिच्या नावाखाली पोट पखालीप्रमाणे भरू नये, असा दोन्ही वचनांचा मेळ बसतो.

भोजनसमयीच्या पाण्याविषयी वाग्भट म्हणतो की, जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, जेवणानंतर पिणारा स्थूल होतो आणि जेवताना मध्येमध्ये पिणारा सम राहतो. पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाने, एक भाग द्रवाने भरावा आणि चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, हा त्याचा नियम मराठी घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आजही ऐकू येतो. भावमिश्राने याच विचाराला पुष्टी दिली. पाणी फार प्यायल्याने अन्न पचत नाही आणि मुळीच न प्यायल्यानेही पचत नाही. म्हणून अग्नी वाढावा यासाठी वारंवार पण थोडे प्यावे.

ऊन पाणी आणि थंड पाणी यांचाही भेद केलेला आहे. मूर्च्छा, दाह, श्रम, मद्यविकार यांत थंड पाणी हितकर. नवा ताप, खोकला, पडसे, दमा, उचकी, पोटफुगी यांत ऊन पाणी हितकर. उकळून निवविलेले पाणी पचण्यास हलके. मात्र असे पाणी रात्रभर ठेवून शिळे झाले असता त्रिदोषकारक होते, असा वाग्भटाचा इशारा आहे. कच्चे पाणी पचण्यास एक प्रहर, उकळून निवविलेले अर्धा प्रहर आणि कोमट पाणी पाव प्रहर लागतो, असे गणित भावमिश्राने दिले आहे. हे गणित आजच्या शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. कारण पाणी अन्नासारखे पचत नसून आतड्यांतून शोषले जाते. परंतु आजाऱ्यास पाणी उकळूनच द्यावे, हा त्यामागचा आचार अनुभवाने खरा ठरला.

राहिला उषःपानाचा प्रश्न. सूर्योदयापूर्वी पाणी पिण्याचा हा विधी ज्या रूपाने आज प्रसिद्ध आहे, त्या रूपाने तो भावप्रकाशात सांगितलेला आढळतो. त्याचे प्रमाण आठ प्रसृती असे दिले आहे. प्रसृती म्हणजे पसा. शास्त्रीय मापाने दोन पले, म्हणजे आठ तोळे. आठ प्रसृती म्हणजे ६४ तोळे. जुना पक्का शेर ८० तोळ्यांचा होता, त्याहूनही हे प्रमाण कमी. आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटर. शिवाय हा विधी सर्वांसाठी नाही. स्नेहपान केलेला, शोधन घेतलेला, जखमी, पोट फुगलेला, उचकी लागलेला अशांना तो वर्ज्य केला आहे. दोन-दोन, तीन-तीन लिटर पाणी एका दमात पिण्याचा जो आग्रह आयुर्वेदाच्या नावाने धरला जातो, त्यास या ग्रंथांचा आधार नाही. हृदयविकार व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना तर अशा आग्रहापासून प्रत्यक्ष अपाय संभवतो. त्यांचे प्रमाण त्यांच्या वैद्याने अथवा डॉक्टरानेच ठरवावयाचे असते.

मराठी मुलखातील परंपरा

हे सर्व ज्ञान मराठी मुलखात आले ते मुख्यतः वाग्भटाच्या द्वारा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते या महाराष्ट्रीय पंडिताने, ज्याचा तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध होता, 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचून आहाराविषयीचे वैद्यक व धर्मशास्त्र एकत्र गुंफले. पुढे मुद्रणकलेने या ग्रंथांना घरोघर नेले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० साली अरुणदत्ताच्या टीकेसह अष्टांगहृदय मुंबईत छापून काढले; हरिशास्त्री पराडकर यांनी १९३९ साली त्यास हेमाद्रीच्या टीकेची जोड दिली. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी वैद्यकविषय मराठी वाचकांपर्यंत पोहोचविण्यासाठी आयुष्य वेचले.

गोमंतकातील जलपानाच्या रीतीची एक परकीय साक्ष उपलब्ध आहे. १५८३ साली गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, येथे स्थायिक झालेले पोर्तुगीज लोक पाणी पिताना भांडे ओठांना लावीत नाहीत. ते उंच धरून धार तोंडात सोडतात. पोर्तुगालहून नव्याने आलेला मनुष्य तसे करू गेला की पाणी अंगावर सांडे आणि इतरांची करमणूक होई. एतद्देशीयांची उष्टे न करण्याची ही रीत राज्यकर्त्यांनीही उचलली होती.

त्याच गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता याचा औषधींवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात पटकीसारख्या रोगाला त्याने 'मोर्शी' म्हटले आहे. ही आपली मोडशी होय. एतद्देशीय वैद्य अशा रोग्यास मिरी व जिरे घातलेले तांदळाचे पाणी पाजतात, असे तो नोंदवितो. पुढे १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखर घातलेले पाणी पाजून पटकीचे असंख्य रोगी वाचविले. त्या उपायाची शास्त्रीय उपपत्ती अर्वाचीन असली, तरी झिजत्या रोग्यास पाण्याबरोबर काही सत्त्व दिले पाहिजे, ही जाण पेज पाजणाऱ्या त्या जुन्या वैद्यांजवळ होती.

जनपदोद्ध्वंस

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात एक प्रसंग आहे. गंगातीरावरील कांपिल्य नगरीत, ग्रीष्माच्या अखेरीस, पुनर्वसू आत्रेय शिष्यांसह वनात फिरत असताना अग्निवेशाशी बोलत आहेत. माणसांच्या प्रकृती, आहार, वय भिन्न असता एकाच वेळी एकाच रोगाने सारा देश का उद्ध्वस्त होतो, हा प्रश्न आहे. उत्तर असे की, वायू, उदक, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांना समान असतात. त्या बिघडल्या की कोणीही सुटत नाही. बिघडलेल्या पाण्याची खूण म्हणजे त्याचा गंध, वर्ण, रस व स्पर्श विकृत होतो, जलचर कमी होतात आणि पक्षी ते पाणी सोडून जातात. या सर्वांचे मूळ अधर्मात आहे, असे आत्रेय शेवटी सांगतात. सत्ताधारी कर्तव्य सोडतात तेव्हा प्रजेचे पाणीही नासते.

या अध्यायाचा प्रत्यय इतिहासाने वारंवार दिला. एके काळी वैभवाच्या शिखरावर असलेले जुने गोवे शहर साथींनी ओस पडले. सांडपाणी झिरपून नासलेल्या विहिरी हे त्याचे एक कारण सांगितले जाते. १८४३ साली राजधानीचा मान पणजीकडे गेला. १८६७ च्या हरिद्वार कुंभमेळ्यानंतर परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर पटकी उत्तर हिंदुस्थानात दूरवर पसरली. पटकीचा जंतू पाण्यातून फिरतो हे रॉबर्ट कॉख याने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तलावातील पाण्यात तो दाखवून सिद्ध केले. ज्या भाविकांनी श्रद्धेने ओंजळ भरली, त्यांची श्रद्धा उणी नव्हती. उणी होती ती जलपरीक्षा, जी त्यांच्याच पूर्वजांनी लिहून ठेवली होती.

याच्या उलट, ती परीक्षा पाळली असता काय घडते याचेही उदाहरण आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या चालीमुळे महाराष्ट्र, कर्नाटक, राजस्थान इत्यादी प्रांतांत नारूचा रोग पिढ्यान् पिढ्या चालत आला होता. विहिरी सुधारणे आणि पाणी कापडाने गाळून पिणे या साध्या उपायांनी तो हटला. १९९६ साली भारतात त्याचा शेवटचा रोगी आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार-आठ घड्या करून त्यातून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला, त्याचे फल २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या गावांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. सुश्रुताच्या सात साधनांतील 'वस्त्र' ते हेच.

पाणपोईचा धर्म

वैद्यकाने सांगितलेल्या पाण्याच्या सहा दोषांत पिणाऱ्याच्या जातीचा उल्लेख कोठेही नाही. स्पर्शदोष म्हणजे पाण्याचा स्वतःचा खरबरीतपणा, बुळबुळीतपणा अथवा दाहकता. मनुष्याचा स्पर्श नव्हे. तरीही शतकानुशतके अनेकांना सार्वजनिक पाणवठ्यापासून दूर ठेवण्यात आले आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारोंसह जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा कोठे समाजाला आपल्या दोषाची जाणीव होऊ लागली. शास्त्राने पाण्याची परीक्षा करावयास सांगितली होती. समाजाने माणसाची परीक्षा केली.

याहून जुनी आणि उदार परंपराही आहे. अशोकाने आपल्या शिलालेखांत वाटेवर विहिरी खोदविल्याचे आणि माणसे व पशू यांच्यासाठी पाणपोया घातल्याचे कोरून ठेवले आहे. संस्कृतातील 'प्रपा' हीच मराठीतील पाणपोई. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या व मठाच्या दारी मांडवाखाली रांजण भरून ठेवणारा सेवेकरी या परंपरेचा वारस असतो. त्याने पाणी कोठून आणले, गाळले की नाही, रांजण घासला की नाही, झाकला की नाही, ओगराळे स्वच्छ आहे की नाही, यावर शेकडो अनोळखी यात्रेकरूंचे आरोग्य अवलंबून असते. आत्रेयांनी अधर्म म्हटले ते याच ठिकाणी घडते आणि धर्मही याच ठिकाणी घडतो.

सुश्रुतापासून भावमिश्रापर्यंतच्या दीर्घ कालखंडात मते पालटली, पात्रे पालटली, काही अनुमाने चुकीचीही ठरली. परंतु सूत्र एकच राहिले : पाणी पाहून घ्यावे, शुद्ध करून घ्यावे, ऋतू व प्रकृती जाणून घ्यावे, तहानेपुरते घ्यावे. तळहातावरचे तीर्थ घेताना भाविक जसा क्षणभर थांबतो, तसाच क्षणभर पाण्याचा पेला उचलतानाही थांबला, तर त्या जुन्या वैद्यांचे श्रम सार्थकी लागतील.